बगळ्याच्या पायाचा शिक्का

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारे लोक मला चुलीतले निखारे उकरायची सळई समजतात. त्यांचा दोष नाही. हातभर लांबीची काळी दांडी, एका टोकाला लाकडी मूठ आणि दुसऱ्या टोकाला अक्रोडाएवढे डोके, एवढाच माझा देह आहे. पण ते डोके उलटे करून पाहिले की त्यावर चार रेघा दिसतात. तीन पुढे आणि एक मागे. तो बगळ्याचा पाय आहे. मी लाकडावर डाग देऊन छाप उठवणारा एक जुना शिक्का आहे. कोरियातल्या तान्यांग गावच्या प्यो लोहाराच्या भट्टीत घडलेल्या प्रत्येक खुरप्याच्या मुठीवर माझा पाय उमटलेला आहे.

माझा जन्म एका भांडणातून झाला.

ते १९७४ साल होते. माझे मालक प्यो दोक्सू तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. नदीकाठी त्यांची भट्टी होती. मालक घण मारत आणि त्यांची बायको मालरेबाई भाता चालवीत. दर पाच दिवसांनी बाजार भरे, तेव्हा दोघे चटई पसरून खुरपी मांडून बसत. तान्यांगची जमीन लसणाची. लसूण काढायला मान वाकवलेले, टोकदार पानाचे खुरपे लागते, आणि ते प्यो लोहाराकडूनच घ्यावे असे आसपासच्या दहा गावांत म्हणत.

एका बाजाराच्या दिवशी एक बाई तरातरा आली आणि तिने एक वाकडे झालेले खुरपे मालकांच्या मांडीवरच टाकले.

"हे बघ तुझं खुरपं! लसणाचे दोन वाफे काढले नाहीत तोच यानं मान टाकली!"

मालकांनी ते उलटसुलट करून पाहिले. "बाई, हे माझं नाही. एवढं पातळ पान मी ठोकत नाही."

"विकणारा तर म्हणाला, प्योचं आहे."

"तो काहीही म्हणेल."

"मग तुझं कुठलं ते ओळखायचं कसं? तुझ्या खुरप्यावर काही लिहिलंय का? दाखव की!"

मालकांनी समोरची पंचवीस खुरपी पाहिली. एकावरही काही नव्हते. शेवटी त्यांनी त्या बाईला एक नवे खुरपे फुकट दिले, तरीही ती बडबडतच गेली.

संध्याकाळी भट्टीवर मालक म्हणाले, "उद्यापासून मुठीवर नाव कोरतो."

मालरेबाई हसल्या. त्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. "आणि वाचणार कोण? मला येत नाही. त्या बाईलाही येत असेल असं दिसलं नाही. त्यापेक्षा चित्र काढा."

"कसलं चित्र?"

मालरेबाईंनी दाराबाहेर बोट दाखवले. नदीच्या ओल्या गाळात नुकताच एक बगळा चालून गेला होता. त्याच्या पायांचे ठसे रांगेने उमटले होते, अगदी कुणी मुद्दाम छापल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी मालकांनी ट्रकच्या स्प्रिंगच्या तुटलेल्या पाट्याचा एक तुकडा भट्टीत घातला. त्यातून मी झालो. तीन बोटे छान सरळ आली. मागच्या बोटाच्या वेळी कानस घसरली आणि बोट जरा डावीकडे वळले. मालक चिडले. मला परत आगीत टाकायला निघाले. तेवढ्यात मालरेबाई म्हणाल्या, "राहू द्या हो. गाळात बगळ्याचा पाय घसरत नाही की काय?"

असा मी वाकड्या बोटासकट कामाला लागलो.

मित्रांनो, ती वर्षे मोठ्या सुखाची होती. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला दिवसाला साठ-साठ खुरपी होत. लाकडी मुठी बसवून झाल्या की मला निखाऱ्यात ठेवत. मी लाल झालो की मालरेबाई मला उचलत, मुठीवर टेकवत आणि मनात तीन आकडे मोजत. चर्र आवाज होई, धुराचा गोडसर वास सुटे आणि बगळ्याचा पाय उमटे. त्यांचा हात इतका बसला होता की एकही छाप फिकी किंवा जळकी येत नसे. बाजारात बायका खुरपे घेताना आधी पान पाहत नसत, मूठ उलटी करून पाहत. "पाय आहे ना? मग बांध," असे म्हणत. ते ऐकले की मी थंड असूनही मला ऊब येई.

पुढे धरणाचे पाणी आले. जुने गाव पाण्याखाली गेले आणि सगळे वर नव्या गावात राहायला आले. मालकांनी ऐरण, भाता आणि मला हातगाडीवर घालून वर आणले. नव्या गावात रस्ते रुंद होते, पण शेतात हळूहळू यंत्रे आली. मग बाहेरची स्वस्त खुरपी आली. तरुण मुले शहरांत गेली. दिवसाला साठ खुरपी होत होती ती दहा झाली, मग तीन. काही आठवडे मी भिंतीवरच्या खिळ्यावरून खाली उतरतच नसे. माझ्यावर गंज चढला. एका कोळ्याने माझ्या मुठीपासून भात्यापर्यंत जाळे विणले आणि ते मोडायची कुणाला गरज पडली नाही.

त्या मंदीच्या दिवसांत एक चांगली गोष्ट घडली. तेव्हा तिचे मोल आम्हांला कळले नव्हते. मालकांची मुलगी यंगरान गावच्या टपाल कार्यालयात नोकरीला होती. १९९६ साली तिच्या हातात ऑस्ट्रेलियाहून आलेले एक पत्र पडले. पाठवणारीचे नाव बांग सुनिम. ही बाई मूळची आमच्याच भागातली. नवऱ्याबरोबर मेलबर्नला गेली होती. तिने लिहिले होते : 'इथे फावडी मिळतात, कुदळी मिळतात, पण बसून माती उकरायचं खुरपं कुणाला माहीतच नाही. चर्चमधल्या आम्हा बायकांना तीस खुरपी पाठवा. बगळ्याचीच पाठवा, दुसरी नकोत.'

मला झाडून पुसून भट्टीत घातले. तीस मुठींवर मी पाय उठवला. यंगरानने खोके बांधले, सोबत आपल्या हाताने पत्र लिहिले आणि वर गंमत म्हणून एक छाप त्या कागदावरही उठवून घेतली. कागद कडेने जरा जळलाच.

नंतर वीस वर्षे गेली आणि वारा फिरला. कुणीतरी बागेत आमचे खुरपे वापरताना स्वतःची चित्रफीत काढली आणि ती जगभर पाहिली गेली. परदेशातल्या बागवाल्या लोकांना एकदम कळले की खुरपे नावाची वस्तू असते. २०१७ साली मेलबर्नहून डेस्मंड नावाचा एक उंच गृहस्थ आमच्या भट्टीत आला. त्याचे बागेच्या सामानाचे दुकान होते. दारातून आत येताना त्याचे कपाळ चौकटीवर आपटले. मालरेबाईंनी त्याला तिथेच नाव ठेवले, 'लांब्या'.

लांब्या माणूस मोठा गोड होता. मालरेबाईंनी वाढलेले दोएनजांगचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे, कालवण त्याने दोनदा मागून घेतले. व्हिनेगरमध्ये मुरवलेला लसूण खाऊन त्याच्या डोळ्यांत पाणी आले, तरी तो अंगठा वर करून हसत राहिला. त्याने दोनशे खुरपी मागवली. पुढल्या वर्षी हजार. भट्टीत पुन्हा पहाटेपासून ठोकाठोक सुरू झाली. लांब्याने माझे खूप फोटो काढले. समोरून, बाजूने, माझे डोके अगदी जवळून. मला फार अभिमान वाटला. आयुष्यात एवढ्या कौतुकाने माझ्याकडे कुणी पाहिले नव्हते.

यंगरान हुशार. तिने २०१८ साली बगळ्याचा पाय आपल्या देशात ट्रेडमार्क म्हणून वडिलांच्या नावावर नोंदवून घेतला. प्रमाणपत्र आले, ते तिने काचेच्या चौकटीत घालून भात्याच्या वर टांगले. मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवीत. "सरकारी शिक्का आहे. आता जगात कुणाची हिंमत नाही," असे म्हणत. मलाही तसेच वाटले. आम्ही सगळेच भोळे होतो.

२०२१ च्या वसंतात लांब्याची मागणी आली नाही. आजारी असेल, असे मालकांना वाटले. मग एका सकाळी यंगरान धावत भट्टीत आली. हातात फोन होता. तिने तो ऐरणीवर ठेवला आणि आवाज मोठा केला. पलीकडे बांग सुनिम होती. ती आता त्र्याहत्तर वर्षांची झाली होती, पण आवाजाला धार होती.

"प्योदादा, वय झालं म्हणून लाजसुद्धा सोडलीत का हो तुम्ही?"

मालक गोंधळले. "काय झालं, सुनिम?"

"काय झालं? इथल्या दुकानातून नातीनं खुरपं आणलं. मुठीवर तुमचाच पाय. आणि एका आठवड्यात वाकलं! पंचवीस वर्षं मी या गोऱ्या बायकांना सांगतेय, आमच्या प्योदादाचं खुरपं मोडायचं नाही. आता मी चर्चमध्ये तोंड कसं दाखवू?"

यंगरानने फोटो दाखवला. पाय माझाच होता. पण पान कारखान्यातले होते, पत्र्यासारखे. मालकांनी चष्मा लावून पाहिले आणि घण खाली ठेवला.

"हे माझं नाही," ते हळूच म्हणाले. सत्तेचाळीस वर्षांत दुसऱ्यांदा त्यांच्यावर हे वाक्य बोलायची पाळी आली होती.

सुनिमची नात ग्रंथालयात काम करी. शोधून काढणे हा तिचा धंदाच. तिने दोन दिवसांत सगळे शोधले. डेस्मंडने दुसऱ्याच कुठल्यातरी कारखान्यातून खुरपी करून घेतली होती, आणि बगळ्याचा पाय ऑस्ट्रेलियात स्वतःच्या नावावर नोंदवण्यासाठी अर्ज टाकला होता. अर्ज लोकांच्या माहितीसाठी जाहीर झाला होता. कुणाला हरकत घ्यायची असेल तर त्याची मुदत संपायला एकोणीस दिवस उरले होते.

मालरेबाईंनी ते ऐकले आणि भात्याचा दांडा सोडून दिला. "माझ्या घरी दोनदा कालवण मागून जेवला मेला! नदीतला बगळा परवडला. हाच खरा बगळा निघाला."

दुसऱ्या दिवशी तिघे तेजॉन शहरात गेले. ट्रेडमार्कची कामे करणारे नामगुंग नावाचे वकील तिथे होते. मला टॉवेलात गुंडाळून मालरेबाईंनी मांडीवर घेतले होते. आधी बस, मग आगगाडी. मित्रांनो, तो माझा गावाबाहेरचा पहिला प्रवास. टॉवेलामुळे मला बाहेरचे काही दिसले नाही, पण मालरेबाईंची बोटे सारखी माझ्या डोक्यावरून फिरत होती, एवढे मला कळत होते.

नामगुंग वकील तरुण होते, पायांत कॅनव्हासचे बूट होते. त्यांनी काचेची चौकट हातात घेतली, नीट वाचली आणि मालकांना म्हणाले, "आजोबा, प्रमाणपत्र एकदम खणखणीत आहे. पण याची सत्ता आपल्या पुसान बंदराच्या किनाऱ्यापर्यंत. समुद्र सुरू झाला की हा नुसता कागद."

"म्हणजे? सरकारचा शिक्का आहे त्याच्यावर!"

"आपल्या सरकारचा. प्रत्येक देशाची वही वेगळी. ज्या देशात माल जातो, त्या देशाच्या वहीत आपली छाप लिहावी लागते. आपण लिहिली नाही, म्हणून तो लिहायला गेला."

"आणि त्यानं आधी लिहिली तर ती त्याची झाली? उद्या मी तुमच्या दारावर माझं नाव लिहिलं तर घर माझं होईल का?" मालरेबाईंनी विचारले.

वकील हसले. "काही देशांत जवळजवळ तसंच होतं, आजी. पण तिथे कायद्यात आपल्याला एक दार आहे. त्या देशात ही छाप त्याच्याआधी आपण वापरली होती, हे दाखवता आलं पाहिजे. आपली खुरपी, याच छापेची, त्याच्या आधी तिथे विकली गेली होती. आहे काही पुरावा?"

यंगरानला ती तीस खुरपी आठवली. पण टपाल कार्यालयातल्या एवढ्या जुन्या पावत्या कधीच नष्ट केल्या होत्या. तिने तसे सांगितले.

"शोधा," वकील म्हणाले. "हरकतीची नोटीस मी तिथल्या वकिलामार्फत लगेच देतो. पुरावा मांडायला त्यानंतर थोडे महिने मिळतात. आणि दुसरं काम आजच करू. आपल्या इथल्या नोंदीवरून एकाच अर्जात इतर देशांची नावं घालता येतात. निर्णय प्रत्येक देश आपापला घेईल, पण अर्ज एकच. बोला, कोणकोणते देश?"

"जिथे माती आहे तिथे सगळीकडे," मालक म्हणाले.

"दर देशाची फी वेगळी आहे, आजोबा."

मग बरीच घासाघीस झाली. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, अमेरिका, कॅनडा. मालकांना जर्मनी हवा होता, कारण त्यांचा एक मित्र तरुणपणी तिथल्या कोळशाच्या खाणीत कामाला होता आणि तिथले पोलाद उत्तम असते असे सांगे. "पण त्यांना आपलं खुरपं कशाला लागेल?" असे यंगरानने विचारले. मालक म्हणाले, "पोलाद कळणारे लोक आहेत. त्यांना लागेल." जर्मनी लिहिला गेला.

घरी आलो, आणि माझ्या आयुष्यातला सर्वांत वाईट दिवस उजाडला.

मालकांना रात्रभर झोप लागली नव्हती. सकाळी त्यांनी भट्टी पेटवली, मला खिळ्यावरून काढले आणि निखाऱ्यात खुपसले. मला वाटले, काम आले. पण जवळ एकही मूठ नव्हती. मी लाल झालो, पिवळा झालो. मालकांनी मला सांडशीत धरून ऐरणीवर आडवे ठेवले आणि घण उचलला.

"काय चाललंय?" मालरेबाई दारातून ओरडल्या.

"तो पाय त्यानं घेतला. घेऊ दे. मी दुसरा करतो. बदकाचा करतो. या वयात कोर्टकचेऱ्या कोण करणार?"

"खाली ठेवा तो घण."

"तुला कळत नाही..."

"मला सगळं कळतं! चोर घरात शिरला म्हणून आपण दुसरं घर बांधायचं, आणि त्याला हे द्यायचं? मग तो बदकाच्या मागेही येईल. तुम्ही काय दरवर्षी नवा पक्षी शोधणार?" त्या जवळ आल्या आणि घणाच्या दांड्यावर त्यांनी हात ठेवला. "ठोकायचंच असेल तर ठोका. पण आजपासून भाता मी हलवणार नाही. भाड्याने माणूस आणा."

माझा रंग उतरत गेला. पिवळ्याचा लाल, लालाचा काळा. मग मालकांनी घण खाली ठेवला आणि ते बाहेर जाऊन पायरीवर बसले. मालरेबाईंनी मला राखेत ठेवले, हळूहळू निवायला. मित्रांनो, लोखंडाला घाम येत नाही, पण त्या दिवशी मला आला असता.

संध्याकाळी यंगरानने सुनिमला फोन केला आणि पुराव्याचे सांगितले. मग सुनिम म्हणाली, "अगं वेडे, पुरावा कागदावरच असतो होय? पंधरा दिवस दे मला."

ती म्हातारी काठी टेकत घरोघर फिरली. चर्चमध्ये तिने घोषणा करायला लावली. तीसपैकी काही बायका वारल्या होत्या, काही दुसऱ्या गावी गेल्या होत्या. तरी जुनी अकरा खुरपी मिळाली. काहींची पाने झिजून अर्धी झाली होती, पण मुठीवरचा पाय शाबूत होता. एका बाईच्या भोपळ्याला २००३ साली बक्षीस मिळाले होते. तिथल्या स्थानिक वर्तमानपत्रातल्या फोटोत भोपळ्याशेजारी ती खुरपे धरून उभी होती, आणि मुठीवरचा पाय स्पष्ट दिसत होता. आणि सुनिमच्या बायबलात यंगरानचे ते पत्र निघाले. तारीख, 'तीस खुरपी' हा मजकूर, आणि कडेने जळलेली माझी छाप!

अकराच्या अकरा बायका मेलबर्नच्या वकिलाकडे शपथेवर सांगायला गेल्या. फोनवर चित्र दिसत होते. आम्ही सगळे भट्टीत फोनभोवती जमलो होतो. त्या गुळगुळीत, काचेच्या कार्यालयात अकरा म्हाताऱ्या हातात अकरा टोकदार खुरपी घेऊन रांगेने शिरल्या. पुढच्या टेबलावरची मुलगी उठून उभीच राहिली.

"घाबरू नको ग बाळ," सुनिम तिला कोरियन भाषेत म्हणाली, "आम्ही फक्त साक्षीला आलोय."

एकीने आपले खुरपे वकिलाच्या टेबलावर ठेवले तेव्हा त्यातून माती पडली. ती पंचवीस वर्षांपूर्वीची असावी, असे यंगरान म्हणाली. त्यावर पलीकडून उत्तर आले, "पंचवीस वर्षांची कसली? आज सकाळचीच आहे. कांदे लावून आले मी."

पुरावा दाखल झाला. नामगुंग वकिलांनी आणखी एक गंमत शोधली. डेस्मंडच्या अर्जातल्या चित्रात मागचे बोट डावीकडे वळलेले होते. आपल्या उत्तरात त्याने लिहिले होते की चित्र त्याच्याच दुकानातल्या चित्रकाराने कल्पनेने काढले. वकिलांनी माझ्या डोक्याचा मोठा फोटो आणि मालकांचे शपथपत्र पाठवले. त्यात साधे वाक्य होते : 'मागचे बोट वाकडे आहे, कारण १९७४ साली माझी कानस घसरली.'

काही आठवड्यांनी डेस्मंडचा फोन आला. यंगरान दोन्ही बाजूंचे बोलणे सांगत होती.

"बाबा, तो म्हणतो, दुसऱ्या कुणी तुमची छाप पळवू नये म्हणून त्याने स्वतःच्या नावावर केली. तुमच्याच भल्यासाठी."

"त्याला विचार," मालरेबाई म्हणाल्या, "भल्यासाठी होतं, तर मला सांगितलं का नाही? आणि ती पत्र्याची खुरपी कुणाच्या भल्यासाठी?"

यंगरानने विचारले. मग तो काहीतरी हळू बोलला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, माफ करा. म्हणाला, आपल्या खुरप्यांचा भाव वाढला होता, स्वस्तात करून मिळालं, मोह झाला."

मालरेबाईंनी थोडा विचार केला. "बरं. अर्ज मागे घे म्हणावं. आणि ती खुरपी दुकानातून काढ. पुन्हा आलास तर जेवायला घालीन, पण फोटो काढू देणार नाही."

त्याने अर्ज मागे घेतला. उरलेली खुरपीही काढून टाकली. पुन्हा मात्र तो आला नाही. मला त्याचा राग येतो, पण कधीकधी त्याच्या कपाळाची आठवणही येते. असो.

नंतर एकेका देशातून कागद येऊ लागले. पहिला न्यूझीलंडचा, मग ऑस्ट्रेलियाचा. एका देशाने आधी शंका काढली. तिथे कोंबड्यांचे खाद्य विकणाऱ्या एका मंडळीची छाप कोंबडीच्या पायाची होती. मालरेबाईंना अपमान वाटला. "कोंबडीचा पाय आणि बगळ्याचा पाय यातला फरक कळत नाही त्यांना?" पण वकिलांनी समजावून लिहिले की एक दाणे विकतो आणि दुसरा खुरपी, गिऱ्हाइकाची गल्लत होणार नाही. ते पटले. सर्वांत शेवटी जर्मनीचा कागद आला. त्या दिवशी मालकांनी बाजारातून लसणातली तळलेली कोंबडी आणली आणि स्वतः वाटली.

नामगुंग वकिलांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल खुणा करून दिल्या. "इथली नोंद जिवापाड सांभाळा. पहिली पाच वर्षं बाहेरच्या सगळ्या नोंदी हिच्याच आधारावर उभ्या आहेत. दर दहा वर्षांनी नूतनीकरण. आणि छाप वापरत राहा. न वापरलेली छाप लोक वहीतून पुसायला लावतात."

मागणी वाढली, तशी यंगरानने विजेवर तापणारा नवा शिक्का घेतला. त्याचेही बोट मुद्दाम वाकडे करून घेतले. तो एका मिनिटात दहा छापा उठवतो. चांगला आहे, कामसू आहे, फक्त बोलत नाही. मी पुन्हा खिळ्यावर गेलो. खोटे कशाला बोलू, मला थोडे वाईट वाटले. ज्याच्यासाठी सात देशांत कागद झाले, त्याला कुणी हातही लावेना.

मग २०२३ च्या जूनमध्ये, लसूण काढणीच्या ऐन दिवसांत, भट्टीच्या दारात एक टॅक्सी थांबली. काठी टेकत बांग सुनिम उतरली. मागून नात एक जड पेटी ओढत आली.

"वहिनी, पाणी द्या आधी. मग भांडू," सुनिम म्हणाली.

पेटीत ती अकरा खुरपी होती. विमानतळावर अधिकाऱ्याने पेटी उघडून विचारले म्हणे, एवढी हत्यारे कशासाठी? सुनिमने सांगितले, "माहेरी दुरुस्तीला नेतेय."

मालकांनी एकेक खुरपे हातात घेतले. अंगठ्याने पाने चाचपत राहिले. एक पान उजवीकडेच झिजले होते. "ही बाई डावखुरी," ते म्हणाले. दुसरे टोकाशी बोथट होते. "हिची जमीन दगडाची." तिसरे इतके झिजले होते की चमच्याएवढेच उरले होते. "आणि ही?"

"ती वारली, दादा. मागच्या थंडीत. तिच्या सुनेनं दिलंय. म्हणाली, मलाही हेच हवं."

मालकांनी ते खुरपे सर्वांत आधी भट्टीत घातले. नवे पोलाद जोडले, पाणी दिले, नवी मूठ बसवली. मग एकेक करून बाकीची दहाही. यंगरान विजेचा शिक्का घेऊन पुढे आली. सुनिमने काठी आडवी घातली.

"तो नको. मला जुना पाय पाहिजे."

मालरेबाईंनी मला खिळ्यावरून काढले, पदरासारखा एप्रनचा कोपरा फिरवून पुसले आणि निखाऱ्यात ठेवले. त्यांचा हात आता थरथरतो. मी लाल झाल्यावर त्यांनी मला उचलले तेव्हा मालकांनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. दोघांनी मिळून तीन आकडे मोजले. अकरा मुठी, अकरा छापा. एकही जळकी आली नाही.

मित्रांनो, तुम्हीही मोठेपणी काहीतरी घडवाल. खुरपे घडवा, बिस्किटे करा, खेळणी करा. जे कराल ते असे करा की त्यावर आपली खूण ठेवायला लाज वाटणार नाही. आणि खूण पहिल्याच दिवशी ठेवा. ती आधी आपल्या देशाच्या वहीत लिहा, आणि माल समुद्रापलीकडे जाणार असेल तर त्याच्याआधी त्या देशाच्या वहीतही लिहा. तारखा लक्षात ठेवा. जुनी पत्रे फेकू नका. आणि तुमची वस्तू विकत घेणाऱ्या माणसाला विसरू नका. कागद हरवतात, पावत्या जळतात. पण तुमच्या खुरप्याने ज्याने पंचवीस वर्षे कांदे लावले, तो तुमच्यासाठी काठी टेकत घरोघर जातो.

छापा उठवून झाल्यावर मालरेबाईंनी मला पाण्याच्या बादलीत बुडवले. वाफ वर गेली. ती विरली तेव्हा पाहतो तो भट्टीत कुणीच नव्हते. दोघी म्हाताऱ्या नवी मूठ बसवलेली खुरपी घेऊन समोरच्या लसणाच्या वाफ्यात उकिडव्या बसल्या होत्या, आणि कुणाचा गड्डा मोठा निघाला यावरून त्यांचे भांडण सुरूही झाले होते.